दांडा ओढायच्या आधी

भुताखेतांवर माझा विश्वास कधी नव्हता आणि आजही नाही. हे आधीच सांगतो, कारण या सदरात विहिरीवर बसलेली बाई, पिंपळाखालून आलेली हाक असलं वाचून मला भीती वाटत नाही, राग येतो. मी विजेच्या कामातला माणूस. वय सत्तेचाळीस. तारेत करंट असतो किंवा नसतो, तिसरं काही नसतं — एवढ्या एका गोष्टीवर निम्मं आयुष्य काढलं. मी सांगणार आहे ते भर दुपारी, वीस-पंचवीस माणसांच्या देखत घडलं आणि त्यात भूत नव्हतं. एक म्हैस होती. आणि मी होतो. भूत असतं तर बरं झालं असतं... त्याच्या अंगावर ढकलता आलं असतं.

सहा वर्षं मी हे कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही.

त्रेपन्न साल. पिंपरीजवळ, मुंबई-पुणे रस्त्यावरून पवनेकडं उतरत जाणाऱ्या जमिनीवर औषधाच्या बाटल्या करणारा एक कारखाना उभा राहत होता. नाव लिहीत नाही, कारखाना चालू आहे. मी तिथं इलेक्ट्रिकल ओव्हरसियर. मूळचा कोकणातला, पोटासाठी घाट चढून आलेला. नदीच्या बाजूच्या भिंतीला लागून धोंडिबाचं शेत होतं. धोंडिबा साठीचा, त्याची बायको ठकूबाई त्याच्याहून दहाएक वर्षांनी लहान. मूलबाळ नाही. दोन बैल आणि एक म्हैस, चंद्री. म्हैस ठकूबाईची — चऱ्होलीला तिचं माहेर, तिथून भावानं पारडी असताना दिलेली.

धोंडिबाची विहीर मात्र मोजणीत कारखान्याच्या हद्दीत आली. तेव्हा कंपनीनं कबूल केलं, की विहिरीवर आमचा पंप बसेल, पण त्यातून एक लोखंडी पाइप भिंतीबाहेर काढू, बाहेर सिमेंटचा हौद बांधू, जनावरांना पाणी मिळेल. म्हणजे त्याच्याच विहिरीचं पाणी त्याला मेहेरबानी म्हणून.

आता माझं पाप. सरळ सांगतो.

पंपाच्या मोटरला अर्थिंग लागतं. वीज कुठं गळाली तर ती माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत मुरावी, म्हणून खोल खड्डा घेऊन त्यात तांब्याचा पत्रा पुरायचा, त्याच्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे आणि मोटरपासून तार आणून त्याला जोडायची. आमच्या माणसांना तीन फुटांवर कातळ लागला. पुढं सुरुंगच हवा होता. दोन दिवसांनी उद्घाटनाला पाहुणे येणार होते, आणि इंजिनिअर माझ्या डोक्यावर उभा. "काहीतरी करा हो, पाणी चढलं पाहिजे." मी काहीतरी केलं. अर्थिंगची तार सरळ पाण्याच्या पाइपला बांधली. हे पुष्कळ जण करत. पाइप जमिनीतूनच जातो ना, होतंय अर्थिंग, असं एकमेकांना सांगत. पण तो पाइप जमिनीतून जातच नव्हता. कातळावरून नुसता टाकलेला होता आणि जाऊन हौदावर उघडा संपत होता. तपासणीच्या रजिस्टरात मी लिहिलं — अर्थिंग तपासले, ठीक. मीटर हातात न घेता लिहिलं. मिठाची गोणी कँटीनला गेली. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. आम्ही अर्थिंगचं मीठ वरणात घालून खाल्लं.

महिनाभरानं धोंडिबा गेटवर आला. पागोटं काढून हातात धरलं होतं त्यानं.

"सायेब, पान्यात मुंग्या हायती."

"मुंग्या? मग काढून टाक की."

"दिसत न्हाईत. चावत्यात. पंप चालू असला की म्हस तोंड लावत न्हाई. बंद केला की पिती. आन् सायेब, येक सांगू का... पंप चालू व्हायच्या आदीच ती उठून बाजूला हुती."

माझ्याबरोबर बाबर मेस्त्री होता. साताऱ्याकडचा वायरमन, जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "आयला, मग तिलाच घ्या की पंपावर कामाला! शिफ्टला तरी टायमात येईल."

सगळे हसले. मीही हसलो. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी अरे-तुरे करत होतो, तेही लिहून ठेवतो. आणि मुंग्या म्हणजे काय हे मला त्याच क्षणी समजलं होतं. मोटर थोडी गळत होती, पाइपला हलका करंट येत होता. ज्याच्या पायात काही नाही त्याला झिणझिण्या, आणि जनावराला तर आपल्याहून जास्त. मी तेव्हाच तार सोडवायला हवी होती. तासाभराचं काम. पण तार सोडवायची म्हणजे मी चुकीची बांधली हे कबूल करायचं... एका शेतकऱ्यासमोर, बाबरसमोर. म्हणून मी काय केलं? म्हाताऱ्यालाच खोटं पाडायचं ठरवलं.

दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना भिंतीशी बोलावलं. पंपाची खोली भिंतीच्या आत, हौद बाहेर, मधे दीड हात जाडीची दगडी भिंत. बाबर भिंतीवर चढून बसला, पाय दोन्हीकडं सोडून. चंद्री हौदापाशी बसली होती. मी खोलीत एकटा, दार लावून, स्टार्टरसमोर. त्याला लोखंडी दांडा होता; तो ओढला की खट् आवाज होऊन मोटर सुरू व्हायची. ठरलं असं, की म्हैस उठली की बाबरनं ओरडायचं. दांडा केव्हा ओढायचा ते माझ्या मनावर.

मी थांबलो. विडी पेटवली. मग एकदम ओढायचं ठरवून हात पुढं केला —

"उठली!"

दांडा अजून जागेवर होता. माझा हात हवेत होता.

तरी ओढला. मोटर सुरू झाली. बाहेर हशा, टाळ्या. मी बंद केली, खूप वेळ थांबलो, ती बसल्याचं बाबरनं सांगितलं. पुन्हा. "उठली!" — पुन्हा हात वाटेतच. मग मी एक लबाडी केली. ओढायचा नाही असं मनाशी पक्कं ठरवून हात दांड्यावर ठेवला, चांगला गच्च धरला. बाहेर शांतता. बाबर म्हणाला, "झोपलात का सायेब?" मग तसाच हात ठेवून ओढायचं ठरवलं. नुसतं ठरवलं.

"उठली!"

मी ओढला नाही. थोड्या वेळानं बाबर म्हणाला, "बसली परत. काय चाललंय आत?"

पाच-सहा वेळा केलं असेल मी हे. एकदाही चुकली नाही. अंगावर काटा आला वगैरे म्हणायची पद्धत आहे. मला काटा आला नाही. संताप आला. एका म्हशीनं माझ्या कवटीत डोकावावं आणि बाहेर लोकांनी त्यावर दात काढावेत... दार उघडून बाहेर आलो आणि सांगितलं, "स्टार्टरची कुरकुर ऐकते ती. जनावराचे कान तिखट असतात. एवढंच." लोकांना पटलं. आतली लबाडी माझी मलाच ठाऊक होती.

धोंडिबा मात्र जागचा हलला नाही. "आन् मुंग्या, सायेब?"

मी पंप चालू करायला सांगितला, गेटातून वळसा घालून हौदावर गेलो आणि सगळ्यांच्या समोर पाइपचं तोंड मुठीत धरलं. "हे बघ. मला चावतायत का? माणूस आहे ना मी?"

मला काही झालं नाही. होणारच नव्हतं. माझ्या पायात कामावरचे रबरी तळाचे बूट होते, कोरडे ठणठणीत. आणि मला ते माहीत होतं. सहा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या क्षणी लक्षात नव्हतं. खोटं आहे. वायरमनला आपल्या पायात काय आहे हे झोपेतसुद्धा माहीत असतं.

धोंडिबानं माझ्या बुटांकडं पाहिलं. त्याला काही समजलं नसणार, चांगले बूट म्हणून पाहिलं असेल. मग पागोटं डोक्यावर ठेवून म्हणाला, "सायबानं हातात धरला म्हंजी खरंच आसंल. आमालाच कायतरी हुतंय." ठकूबाई गोठ्याच्या दारातून हे सगळं बघत होती.

पुढं पाऊस लागला. त्या भागात बैलपोळा भादव्याच्या अमावस्येला. त्या दिवशी पंपावरचा माणूस सुट्टीवर, मग दहा वाजता पंप सुरू करायला मीच गेलो. दोन दिवस झड होती. खोलीत ओल, मोटर घामेजल्यासारखी दिसत होती. आत शिरलो, हात पुढं केला आणि भिंतीपलीकडून चंद्री रेकली. उठायची नेहमीच, पण रेकली कधी नव्हती. असं रेकणं मी आधी ऐकलेलं नाही, नंतरही नाही.

मला समजलं ना! ती कशाला ओरडतेय ते जगात एकट्या मलाच समजलं. आणि मी म्हणालो — तोंडानं म्हणालो, मोठ्यानं — "ओरड."

आणि दांडा ओढला.

धोंडिबा बैल धुवायला आला होता. बैल हौदाजवळ जाईनात, कासरा ओढून मागं सरत होते. म्हणून बादली भरून तिकडं न्यावी असा विचार त्यानं केला असणार. अनवाणी, चिखलात उभा, एका हातात बादली, दुसऱ्या हातानं पाइप धरलेला. पाणी यायची वाट बघत.

मी पोचलो तेव्हा ठकूबाई त्याला हलवत होती. तिची किंकाळी ऐकताच पंप मी बंद केला होता, तेवढं तरी केलं होतं.

कंपनीच्या डॉक्टरनं लिहिलं — हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. वा! प्रत्येकाचीच बंद पडते हो शेवटी. ती कुणी बंद पाडली, हा रकाना त्या कागदावर नव्हता. इंजिनिअर म्हणाला, "वय झालं होतं त्याचं." पंचनाम्याला माणसं यायच्या आत मी ती तार पाइपवरून कापली. आठवड्यात सुरुंग लावून कातळ फोडला, तांब्याचा पत्रा, कोळसा, मीठ सगळं शास्त्रशुद्ध केलं आणि रजिस्टरात मागची तारीख घातली. इतकं नीटनेटकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. माणूस मारायच्या आधी जे परवडत नव्हतं, ते मारल्यावर आठवड्यात परवडलं.

याच्यापुढं जे झालं त्यानं माझी झोप गेली. गावानं कारण शोधलंच. वीज त्यांना दिसत नव्हती, म्हैस दिसत होती. "म्हायेरची म्हस आनली आन् नवऱ्याला खाऊन बसली," असं पाणवठ्यावर बायका ठकूबाईला ऐकू जाईल असं बोलायच्या. पोळ्याच्या दिवशी धनी गेला म्हणजे घरातच अवलक्षण आहे. हळदीकुंकवाला तर नाहीच, पण बारशालाही तिला कुणी बोलवेना. दिरानं चंद्रीला चाकणच्या बाजारात नेलं, तर तिची कीर्ती आधीच पोचलेली. कुणी दावं हातात धरलं नाही. माघारी आणली. ठकूबाई तिच्याच दुधावर राहिली आणि तिच्याच नावानं शिव्या खात राहिली. मी हे सगळं कँटीनमध्ये बसून ऐकत होतो, आणि चहा पीत होतो.

तुम्ही म्हणाल, अनुभव कुठाय? मुंग्यांचं उत्तर माझ्याकडं आहे. मरणाचंही आहे. आता ज्याचं उत्तर नाही ते सांगतो.

गेल्या वर्षी नळाचं पाणी आलं. विहीर बुजवली. मोटर भंगारात गेली, वायरिंग मी स्वतः उभं राहून काढून घेतलं. खोलीत भिंतीवर रिकामा स्टार्टर तेवढा उरला — लोखंडी डबा, आत काही नाही, दांडा मात्र तसाच. एका दुपारी कसल्यातरी मोजमापाला मी आत गेलो होतो. भिंतीपलीकडं चंद्रीच्या गळ्यातली घंटा वाजत होती, रवंथ करताना वाजते तशी, संथ. मी हात पुढं केला. का केला, सांगता येत नाही. ओढायचं ठरवलं —

घंटा खणखणली. ती उठली होती.

त्या खोलीत करंट नव्हता. तारच नव्हती. करंट होता तो फक्त माझ्या अंगात.

पुण्याला माझा एक शाळासोबती डॉक्टर आहे. इस्पितळात हृदयाचा आलेख काढायचं यंत्र आलंय त्याच्याकडं. छातीला, हातापायांना तारा लावतात, आणि कागदावर रेघ उमटते. मी त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, "असते की वीज! हृदयात असते, मेंदूत असते. हात हलायच्या आधी दंडात येते. काही मासे म्हणे पाण्यात दुसऱ्याची वीज ओळखतात."

"मग म्हैस?"

"अरे, ती वीज इतकी बारीक असते की तार कातडीला नीट चिकटली नाही तर आमच्या यंत्राला सापडत नाही. दगडी भिंतीपलीकडच्या म्हशीला कशी सापडेल?" मग माझ्याकडं नीट बघून म्हणाला, "तुझी झोप कशी आहे?"

मी म्हटलं ठीक आहे. रजिस्टरात लिहायचो तसं.

गेल्या महिन्यात शेवटी ठकूबाईकडं गेलो. ती गोवऱ्या थापत होती. चंद्री दारातच बसलेली. मी अंगणात पाऊल टाकलं, सांगून टाकायचं असं ठरवलं आणि चंद्री उठून उभी राहिली.

ठकूबाईनं वरही पाहिलं नाही. "बोला, सायेब."

"काय बोलू?"

"ती उठली म्हंजी काय तरी हाय तुमच्या मनात. सा वर्सं बगतीया मी. ह्या रस्त्यानं तुमी किती बारी आला, तितं वळनावर थांबला, मागं फिरला. तुमी थांबला की ही उठायची, फिरला की बसायची. रस्त्यानं जानाऱ्या दुसऱ्या कुनासाठी न्हाई उठत."

मी सांगितलं. तार, कातळ, रजिस्टर, बूट. रेकणं ऐकून दांडा ओढला तेही. मधे ती एकदाच बोलली, "बूट?" म्हणाली. मी म्हटलं, रबराचे होते. तिनं शेणाचे हात बादलीत धुतले, खूप वेळ धुतले.

"मी धाडलं त्यास्नी हौदावर," ती म्हणाली. "ते नदीवर चाललं हुतं. मी म्हनलं, नदीला पानी चढलंय, हौदावर धुवा. सायबानं हात लावून दावलाय न्हवं? ...मी धाडलं म्हनून सा वर्सं मी सोताला शाप देतीया. आन् तुमी बाटल्या मोजत बसला व्हय रं?"

ते 'व्हय रं' मला जोड्यासारखं लागलं. लागायलाच हवं होतं.

मी म्हटलं, "ठकूबाई, तुम्ही सांगाल ते करतो."

"मला सांगून काय उपेग? मला गाव खातंय. गावात येऊन सांगा. चावडीवर, समद्यांफुडं. लिवून आना, म्हंजी तोंड फिरवायला नगं."

"येईन," मी म्हटलं. "नक्की येईन."

तिनं माझ्याकडं नाही, म्हशीकडं पाहिलं. चंद्री मघाशीच खाली बसली होती आणि रवंथ करत होती.

"बसलीया ती," ठकूबाई म्हणाली. "तुमी न्हाई येनार."

मी इतका चिडलो म्हणून सांगू! एका म्हशीच्या भरवशावर मला खोटं ठरवते... फाटकापर्यंत तणतणत गेलो. आणि तिथं कळलं, की खरंच मी येणार नव्हतो. 'येईन' म्हणताना डोक्यात चालू होतं ते बदलीच्या अर्जाचं.

तीन आठवडे गेले. मग हे लिहायला बसलो. इथवर लिहून झाल्यावर आधी राजीनामा दिला, रजिस्टराची हकिकत कंपनीला आणि पोलिसांना लेखी कळवली. तिथं जे व्हायचं ते होईल. संपादकांनी सुचवलं की इथं माझं नाव नको. ठीक आहे, चावडीवर नावासकट वाचलं.

म्हशीला काय कळत होतं, कशानं कळत होतं — मला माहीत नाही. माझ्या डॉक्टर सोबत्याला माहीत नाही. कुणाला पटणारं उत्तर सुचलं तर ते स्वतःपाशी ठेवा, मला त्याच्याआड लपायचं नाही. शेवटचं एवढंच, की त्या दिवशी हे कागद घेऊन मी निघालो तेव्हा कुणाला काही कळवलं नव्हतं. माझ्या खोलीपासून ठकूबाईचं घर मैलभर, मधे कारखान्याची भिंत. वळणावरून अंगण दिसलं. चंद्री उभी होती. आणि तिच्या शेजारी, धुवट लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन ठकूबाई.

"चला," ती म्हणाली. "ही मगाधरनं उभी हाय."